मागचं झाड

"काका, इकडे बघा. हे कोण?" खुशीने फोटो नरहरीच्या नाकासमोर धरला. "घाई नाही. आरामात सांगा. हे कोण आहे?"

फोटोत मंदा होती. नखशिखान्त मंदा. हळदीकुंकवाची काळी चंद्रकळा, नाकात नथ, हातात तिळगुळाचा डबा आणि फोटो काढणाऱ्या लेकीला 'आटप गं लवकर' म्हणणारा चेहरा. चुकायला वावच नव्हता. शिवाय खरी मंदा शेजारच्या खुर्चीत तोच चेहरा करून बसली होती.

नरहरीने डावा हात उचलला. बोट फोटोतल्या मंदाच्या कपाळावर आलं, क्षणभर थांबलं आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे गेलं. तिथे एक झाड होतं. पान नावाला नाही. नुसता करडा बुंधा आणि वर वेड्यावाकड्या फांद्या.

"ते… ते… त्याचं…" नरहरी म्हणाला. "ते ना… ते…"

"झाड! व्हेरी गुड काका. झाड. आणि झाडासमोर कोण उभं आहे?"

नरहरीने जोरात मान हलवली. झाड नव्हे. म्हणजे झाडच, पण नुसतं झाड नव्हे. त्याने बोट पुन्हा बुंध्यावर आपटलं, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, कपाळाच्या शिरा फुगल्या आणि शेवटी त्याने टिपॉयवर अशी थाप मारली की खुशीचा चहा सतरंजीवर गेला.

"मी अख्खीच्या अख्खी समोर उभी आहे," मंदा फडकं आणायला उठत म्हणाली, "आणि यांना मागचं लाकूड दिसतंय!"

खुशी हसली. मंदाला काही हसू आलं नाही.

नरहरीला झटका आला तो पाडव्याच्या दिवशी, ओवाळणीचं तबक मंदाच्या हातात असताना. उजवा पाय बराचसा परत आला, हात जेमतेम. वाचा मात्र गेली ती गेली. आवाज होता, समज होती, टीव्हीवरच्या बातम्या ऐकून तोंड वाकडं करण्याइतकी तर नक्कीच होती; पण शब्द हाताला लागत नव्हते. पाणी हवं असलं तरी 'ते', पंखा बंद करायचा असला तरी 'ते'. लिहून दाखवा म्हटलं तर अक्षरंही शब्दांच्या सोबतीनेच गेलेली. त्यात होला नाही आणि नाहीला हो म्हणायची खोड लागली होती, त्यामुळे मान हलवण्यावरही विसंबायची सोय नव्हती.

तसा तो पहिल्यापासूनच मोजकं बोलणारा. आगाशीच्या वाडीत जन्मलेला, केळी आणि मोगऱ्यात वाढलेला माणूस. झाडांशी बोलावं लागत नाही, तीच सवय बायकोलाही लावलेली. लग्नात नाव घ्या म्हणून सगळे मागे लागले तेव्हा हा पाहुण्यांना पाणी द्यायच्या निमित्ताने पळाला होता. त्यानंतर सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर निभावला. मंदा संगमनेरची, वीज मंडळाच्या बिलाच्या खिडकीवर नोकरी केलेली. दिवसभर लोकांशी भांडून घरी आल्यावर न भांडणारा नवरा तिला बरा वाटायचा. पण आता, मुद्दाम शब्द शिकवायला खुशीसारखी स्पीच थेरपिस्ट घरी येत असताना, यांच्या तोंडून पहिला शब्द 'मंदा' निघावा असं तिला वाटत होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. या वयात असलं काही मागायची लाज वाटत होती, पण वाटत होतं हे खरं.

आणि हा माणूस झाडामागे लागला होता.

"आन्टी, गुस्सा मत करो," खुशी चपला घालता घालता म्हणाली. "काकांना त्या झाडाचं नाव सांगायचंय. शब्द आत आहे, दरवाजा जॅम झालाय. मी पहिलं अक्षर दिलं ना, की कधी कधी पूर्ण शब्द बाहेर येतो. आणि एक शब्द निघाला की मागचे पण सुटतात. तुम्ही फक्त नाव सांगा, स्टार्ट मी देते. कोणतं झाड आहे ते?"

मंदाने तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्यासारखंच.

त्या झाडाला तिने संसारभर कपड्यांची दोरी बांधली होती. त्याच्या सावलीत सांडगे वाळवले, लेकीचा, संपदाचा पाळणा टांगला, सासूशी अबोला धरून बसायची तेव्हा पाठ टेकायला तेच. नाव? वाडीत केळ होती, नारळ होता, चाफा होता, जायफळ होतं. जे विकलं जायचं त्याला नाव होतं. हे दारातलं झाड काही देत नव्हतं आणि काही मागतही नव्हतं. सगळे त्याला 'दारातलं' म्हणायचे. आणि आता दार नव्हतं, वाडी नव्हती, झाडही नव्हतं. धाकट्या दिराने, देवेंद्रने, वाडी बिल्डरला द्यायची टूम काढली आणि सगळं सपाट झालं. झाड होतं तिथे आता लिफ्ट होती. त्याच लिफ्टने वर येऊन दुसऱ्या मजल्यावर नरहरी आणि मंदा राहत होते.

"विचारून सांगते," ती खुशीला म्हणाली.

त्याच संध्याकाळी संपदा ऑफिसातून आली आणि तिने फोटो मोबाइलमध्ये घातला. झाडं ओळखायचं ॲप असतं म्हणे. चक्र फिरलं, फिरलं आणि उत्तर आलं.

"केळ," संपदाने वाचलं.

"काय?"

"अगं, कोपऱ्यात केळीचं एक पान आलंय ना, तेच पकडलं त्याने. थांब, क्रॉप करते." तिने फोटो कापला. आता ॲप म्हणालं, अक्रोड. पुन्हा कापला. आता म्हणालं, हा विजेचा खांब असण्याची शक्यता आहे.

"आगाशीत अक्रोड!" मंदाने कपाळावर हात मारला. "उद्या म्हणेल सफरचंद."

"आई, पान नाहीये ना एकपण. त्याला पान लागतं. तू हळदीकुंकवाच्या दिवशीच का उभी राहिलीस तिथे? पावसात काढायचा ना फोटो."

"हो, चुकलंच माझं. झाडाला विचारून सण ठेवायला हवे होते."

देवेंद्रला फोन केला, तर तो म्हणाला, "वहिनी, जंगली काहीतरी होतं. तोडायला परवानगी घेतली तेव्हा कागदावरही 'इतर' लिहिलं होतं. सोडा ना आता." आगाशी रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याने फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "पान आना ताई. नायतर फूल आना. नुसतं खोड बघून कोन सांगनार?" पान आणा! ज्याचा बुंधासुद्धा उरला नव्हता, त्याचं पान आणा. मंदा तिथून निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेची अर्धी झाडं पानगळीने उघडी पडली होती. सगळी करडी, सगळी वाकडी, सगळी तिच्या फोटोतल्यासारखी. दोन झाडांसमोर ती थांबलीसुद्धा. मग आपणच येड्यासारखं झाडांना फोटो दाखवत उभ्या आहोत हे लक्षात आल्यावर भराभर चालू लागली.

संपदाचा एक मित्र होता, हर्षवर्धन. रविवारी लोकांना जंगलात नेऊन झाडं दाखवायचा. त्याला फोटो पाठवून फोन लावला. पोरगा गुणी, उगाच ठोकून देणारा नव्हता, आणि मंदाचा संताप झाला तो नेमका त्यामुळेच.

"काकू, काटे नाहीत, म्हणजे सावर नाही, पांगाराही नाही. साल बघून मला काकड वाटतोय. पण मोह असू शकतो. शिवणही असू शकते. खरं सांगू? या फोटोवरून खात्रीने सांगणं चुकीचं होईल."

"बाळा, मला खात्री नको. मला पहिलं अक्षर हवंय."

"पहिलं अक्षर?"

तिने समजावलं. त्याने फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "मग काकडपासून सुरू करा."

मंदाने वाट बघितली नाही. जेवणं झाली आणि ती फोटो घेऊन नरहरीसमोर बसली. खुशी करायची तसं तोंड मोठं उघडून म्हणाली, "का… का…"

नरहरीचा चेहरा उजळला. तो खुर्चीत पुढे सरकला. "का," तो म्हणाला. "का… का… कागद."

"कागद नव्हे. का… क…"

"का… कागद." त्याचे डोळे भांबावले. हा शब्द आपला नव्हे हे त्याला कळत होतं, पण तोंडात तोच येऊन बसला होता. "कागद. कागद. ते… कागद!"

"बरं, सोडा. मो… मो…"

"मो… मोटर."

"शि… शिव…"

"शिवाजी," नरहरी हताशपणे म्हणाला.

"पा…" आता तिला थांबता येईना. काटे नसले तरी काय झालं, त्या पोराला तरी कुठे खात्री होती? "पा… पांगा…"

"पा… पाणी."

ती उठली आणि तिने पाणी आणलं. नरहरीने भांड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि उलट्या हाताने भांडं उडवलं. पाणी फोटोवर गेलं. मंदाने झडप घालून फोटो पदराने टिपला.

"मला कशाला मारता?" ती ओरडली. "मी काय तुमचे शब्द लपवून ठेवलेत? दिवसभर तुमचं झाड, तुमचं झाड! त्या झाडापुढे एक बाई उभी आहे, ती कोण हे सांगावंसं वाटत नाही तुम्हाला?"

नरहरीने मान फिरवली. भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून 'ते'सुद्धा बंद झालं. खुशी आली, चित्रं दाखवली, टाळ्या वाजवल्या, गाणं म्हणून पाहिलं. नरहरी भिंतीकडे बघत राहिला. फोटो बाहेर काढला की डोळे मिटायचा. जाताना खुशीने मंदाला दाराबाहेर बोलावलं. तिचा नेहमीचा हसरा चेहरा नव्हता.

"आन्टी, घरी कुणी चुकीची अक्षरं दिली का?"

मंदाने मान खाली घातली.

"पेशंट ट्राय करतो तोपर्यंत चान्स असतो. काकांनी ट्राय करणं सोडलंय. सुरुवातीचे महिने असेच गेले ना, तर मग…" तिने बॅग खांद्यावर घेतली. "खरं नाव मिळालं तरच त्यांना दाखवा. नाही तर फोटो ठेवून द्या."

मंदा स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी राहिली. तिला स्वतःचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, त्या मेल्या झाडाचा तर सगळ्यांत जास्त. आणि राग ओसरल्यावर खाली जे उरलं ती भीती होती. हा माणूस आता मरेपर्यंत भिंतीकडे बघत बसला तर?

एक माणूस होता ज्याला नक्की ठाऊक असणार. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तर ती ॲपपासून नर्सरीपर्यंत सगळीकडे फिरली होती. प्लासिड. शेजारच्या वाडीचा मालक. नरहरी आणि तो लंगोटीयार. एकाच विहिरीत पोहायला शिकलेले, नाताळचा केक इकडे आणि गणपतीचे मोदक तिकडे. बिल्डरने प्लासिडची वाडीही मागितली होती. त्याने दिली नाही. मग यांची बिल्डिंग उभी राहिली आणि प्लासिडच्या मोगऱ्यावरचं ऊन दुपारीच जायला लागलं. तो भांडला नाही. नुसतं बोलणं टाकलं. नरहरी आजारी पडल्यावर त्याची बायको ॲनी येऊन शहाळी देऊन गेली. तो आला नाही.

मंदाने चपला घातल्या. फोटो पदराखाली घेतला आणि निघाली. बिल्डिंगच्या फाटकातून बाहेर पडून शेजारच्या फाटकात शिरायला असा किती वेळ लागणार, पण ती दोनदा परत फिरली.

प्लासिड अंगणात बसून केळीच्या खोडाचे सोप सोलून त्यांचे धागे काढत होता. तिला बघून हात थांबले. "ॲनी," त्याने आत हाक मारली, "मंदावहिनी आल्यात. खुर्ची आन." मग पुन्हा सोलू लागला.

"बसायला नाही आले, प्लासिडभाऊ. एक विचारायचंय." तिने फोटो पुढे केला. "या झाडाचं नाव काय? पान नाही त्याला. फूल नाही. सगळे म्हणतात, असं ओळखता येत नाही."

त्याने हात लुंगीला पुसले, फोटो लांब धरून पाहिला आणि लगेच परत दिला.

"वलखायचं काय त्यात? माझ्याच कुंपनाचा तो. शिमट."

"शिमट?"

"शिमट. कोन मोई म्हनतात. आमी शिमट." त्याने हनुवटीने वाडीच्या कडेला खूण केली. कुंपणाला ओळीने तशीच करडी, बोडकी झाडं उभी होती. मंदा ती वर्षानुवर्षं, आधी अंगणातून आणि आता गॅलरीतून, बघत आली होती. "पान नाय म्हनून बघता का? त्याला अर्धं वर्ष पान नसतं. मेला असं वाटतं. मरत नाय."

मंदा ॲनीने आणून ठेवलेल्या खुर्चीत बसली. एवढंच होतं. कुंपणापलीकडे एवढंच होतं.

"पण तुमच्या कुंपणाचं आमच्या दारात कसं?"

प्लासिड तिच्याकडे बघत राहिला. "तुमाला म्हायती नाय? नरहरीने कधी सांगितला नाय?"

"ते काय सांगतात!"

"तुमच्या लग्नाचा मांडव होता," तो म्हणाला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज सैल झाला. "खांब कमी पडले. नरहरी माझ्याकडे आला, मी कुंपनाचे चार खुंट तोडून दिले. शिमटाचा खुंट ओला, जमिनीत गेला की फुटतो. म्हनून मांडवाला उलटा रोवायचा. शेंडा खाली, बूड वर. उलटा फुटत नाय. मांडव उतरला की उपटायचा आनि चुलीत घालायचा. शेंबड्या पोराला पन म्हायती असतं. तुमच्या नवऱ्याने तीन उलटे रोवले आनि दाराजवळचा एक सुलटा."

"चुकून?"

"मी पन तेच विचारला. त्याच्या बापाने तर पाहुन्यांसमोर शिव्या घातल्या. वाडीत जन्मला आनि खुंट रोवता येत नाय म्हनून. मग मांडव उतरवताना बाप तो उपटायला गेला, तर हा आडवा आला. बापाला म्हनाला, राहू दे. बस. कारन नाय, काय नाय. पाऊस पडला आनि खुंट फुटला." प्लासिडने सोपाचा एक लांब धागा ओढला. "मी चिडवायचो त्याला. म्हनायचो, नरहरी, सगळ्यांचे मांडव उतरले, तुझा अजून उतरला नाय."

मंदाने फोटो उचलून त्या बुंध्याकडे पुन्हा पाहिलं. ॲनी पाण्याचं तांब्याभांडं घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"चला ना वर," मंदा शेवटी म्हणाली. "तुम्ही सांगा त्यांना नाव. तुमच्या तोंडून ऐकलं तर…"

प्लासिडने मान वर करून बिल्डिंगकडे पाहिलं. सावली कुंपण ओलांडून अंगणात येऊ लागली होती.

"त्या बिल्डिंगीत मी येनार नाय, वहिनी," तो शांतपणे म्हणाला. "त्याला सांगा, नाव प्लासिडने दिला."

ती घरी आली तेव्हा नरहरी भिंतीकडे तोंड करूनच बसला होता. खुशीची वाट बघायला हवी होती. पण मंदाच्याने ते होणार नव्हतं. तिने खुर्ची भिंत आणि नवरा यांच्या मधे सरकवली, अशी की गुडघ्याला गुडघा लागला. फोटो मांडीवर ठेवला.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "हे चुकीचं असलं तर मीही सोडून देईन. शि… शिम…"

नरहरीने डोळे उघडले.

"शिम…"

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. मग आला. "शि," तो म्हणाला. "शि… शिमट."

लख्ख. आजारपणाआधी बोलायचा तसा.

"शिमट," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटून हसला. "शिमट! शिमट!" त्याने फोटो उचलला, बोट बुंध्यावर ठेवलं. "शिमट." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. मंदाने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि म्हणाली, "हो, शिमट. प्लासिडभाऊंनी सांगितलं. आता हे सांगा. ही कोण? झाडासमोर ही कोण?"

नरहरीने फोटोतल्या चंद्रकळेवर बोट ठेवलं. नीट पाहिलं. आत्मविश्वासाने म्हणाला, "शिमट."

"नाही, ही मी. ही बाई."

"शिमट."

तिने समोरचं भांडं उचललं. "हे काय?"

"शिमट."

संपदा ऑफिसातून आली. "बाबा, मी कोण?" "शिमट," बाबा कौतुकाने म्हणाले.

खुशीने दुसऱ्या दिवशी येऊन सगळं तपासलं आणि सांगितलं की असं होतं. एक शब्द निघतो आणि मग सगळ्याच जागी तोच येऊन बसतो. हळूहळू बाकीचे येतील. कदाचित येतील. कधी कधी तोच एक राहतो.

"म्हणजे?" मंदा म्हणाली. "एवढं सगळं करून मला हा एकच मिळाला?"

"आन्टी, काका बोलायला लागलेत. ते बघा ना."

ते खरं होतं. नरहरी बोलायला लागला होता; एवढा तो जन्मात बोलला नव्हता. सकाळी चहाची शिमट, पंख्याची शिमट, बातम्यांतल्या पुढाऱ्याला दातओठ खाऊन शिमट. देवेंद्र भेटायला आला तेव्हा त्याच्याकडे बघून उच्चारलेली शिमट ऐकून तो लवकर उठून गेला. मंदाच्या मात्र नाकी नऊ आले. दिवसातून शंभर वेळा तिला ओळखावं लागायचं की ही शिमट पाण्याची की लघवीला जायची. चुकली की तो चिडायचा, तो चिडला की ती चिडायची.

आणि तिला एक विचारायचं होतं. रोज विचारायचं ठरवायची आणि रोज राहून जायचं; कारण उत्तर काय येणार ते ठाऊक होतं. एका दुपारी, त्याला भात भरवून झाल्यावर, तिने तोंड पुसता पुसता विचारलंच.

"अहो, तो एक खांब सुलटा का रोवलात?"

नरहरी थांबला. त्याने तिच्याकडे असं काही बघितलं, जणू विचारतोय, हे तुला कुणी सांगितलं? मग तो ताठ बसला आणि बोलू लागला.

"शिमट," त्याने सावकाश सुरुवात केली. "शिमट शिमट, शिमट…" डाव्या हाताने हवेत काहीतरी ठोकलं. बोट नाचवून बापाचा आवाज काढला, "शिमट! शिमट!" आणि स्वतःच हसला. मग हात जमिनीपासून वर वर नेला, फांद्यांसारखी बोटं पसरली. तिच्याकडे बोट केलं, दाराकडे केलं, पुन्हा तिच्याकडे. आवाज खाली आला. शेवटचं तो जवळजवळ पुटपुटलाच, सावकाश, थांबत थांबत, जपून सांगायची गोष्ट सांगावी तसं. "शिमट. शिमट… शिमट."

झालं होतं सांगून. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, कळलं ना म्हणून.

मंदाला रडू फुटलं. "तोंड धड होतं तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?" ती ओरडली. "एवढी वर्षं होती! रात्रंदिवस समोर होते मी! त्याच झाडाला दोरी बांधायला माझ्याबरोबर उभे राहायचात, तेव्हा सांगायचं होतं! आता सांगताय? आता, मला एक अक्षर कळत नाही तेव्हा?"

त्याने तिला संपवू दिलं. मग तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि डाव्या हाताने, धड जमत नव्हतं तरी, तिचे डोळे पुसले.

पुढच्या खेपेला खुशी आली तेव्हा मंदा आत नारळ खवत होती. बाहेर नवीन चित्रं, नवी अक्षरं सुरू होती. म… म… खुशी घसा ताणून सांगत होती. नरहरीची दमछाक ऐकू येत होती. मग जरा शांतता झाली आणि तो मोठ्याने, आतपर्यंत पोहोचेल असं म्हणाला, "शिमट!"

पाण्याची नव्हती. पंख्याची नव्हती. मंदाचा हात खवणीवर थांबला.

"आन्टी," खुशी दारात आली, "काकांना काहीतरी हवंय."

"काही नकोय," मंदा म्हणाली. "मला हाक मारतायत."

आणि तिने आतून ओ दिली.